कावेरीचा दगडी बांध

तंजावरचें नांव निघालें म्हणजे मराठी माणसाला सरस्वती महालांतील मोडी कागदांचे रुमाल आठवतात, आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ सालीं कोरविलेला भोसले कुळाचा लांबलचक मराठी शिलालेखही आठवतो. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, कावेरीच्या कांठीं, व्यंकोजीराजांनीं १६७५ च्या सुमारास एक राज्य स्थापिलें आणि तें या ना त्या रूपानें १८५५ पर्यंत टिकलें, याचें कौतुक कोणास वाटणार नाहीं? परंतु हें राज्य जगलें कशावर, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. ग्रंथालय, देवालयें, संगीत, विद्वानांच्या देणग्या, फौजेचा पगार आणि शेजाऱ्यांची खंडणी हें सारें भाताच्या पिकांतून निघत होतें. आणि भाताचें पीक कावेरीच्या पाण्यावर उभें होतें. आतां यांतील मर्म असें कीं, तें पाणी तंजावरच्या शेतांकडे ज्या बांधामुळें वळत असे, तो बांध तंजावरच्या हद्दींत नव्हता. तो दुसऱ्याच्या मुलखांत होता. शेत आपलें आणि बांध परक्याचा, अशा स्थितींत त्या बांधाची डागडुजी करावयाची कोणीं, या प्रश्नानें तंजावरच्या राजांना एकाहून अधिक वेळां संकटांत टाकिलें.

ही गोष्ट नीट समजण्यासाठीं प्रथम नदीची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. कूर्गच्या डोंगरांत उगम पावून म्हैसूरच्या पठारावरून खालीं आलेली कावेरी त्रिचनापल्लीच्या पश्चिमेस कांहीं मैलांवर, मुक्कोंबु या ठिकाणीं, दुभंगते. उत्तरेकडील फांटा कोल्लिडम् या नांवानें बराचसा सरळ समुद्राकडे धांवतो. दक्षिणेकडील फांटा कावेरी हेंच नांव राखून तंजावरकडे जातो. दोहोंच्या मध्यें श्रीरंगमचें बेट आहे आणि त्यावर श्रीरंगनाथाचें प्रसिद्ध देवालय आहे. बेट संपतां संपतां हे दोन्ही प्रवाह पुन्हा एकमेकांच्या अगदीं जवळ येतात, आणि खरी अडचण तेथेंच उत्पन्न होते. कोल्लिडमचें पात्र सखल व उताराचें, तर कावेरीचें पात्र त्याहून कित्येक फूट उंच. पाणी हक्क जाणत नाहीं, उतार जाणतें. त्यास मोकळीक मिळाली तर कावेरीचा प्रवाह येथें डावीकडे कलंडून कोल्लिडममध्यें पडेल व समुद्रास मिळेल, आणि तंजावरच्या कालव्यांत वाळू तेवढी उरेल.

असें होऊं नये म्हणून या जागीं जो दगडी बांध घातलेला आहे, तोच कल्लणै. तमिळमध्यें ‘कल्’ म्हणजे दगड आणि ‘अणै’ म्हणजे बांध. इंग्रजी अमदानींत ‘अनिकट’ हा शब्द रूढ झाला, तोही तमिळ ‘अणैक्कट्टु’ याचाच अपभ्रंश होय. बांधाची लांबी सुमारें १,०८० फूट, रुंदी ४० पासून ६० फूट आणि उंची १५ पासून १८ फूट. तो सरळ रेषेंत नसून नागमोडी आहे. पाणी सांठविणें हें त्याचें काम नव्हे. नित्याचें पाणी कावेरींत राखावयाचें आणि पुराचें जादा पाणी आपल्या माथ्यावरून कोल्लिडमकडे जाऊं द्यावयाचें, एवढेंच त्याचें कर्तव्य. घरचें घरांत ठेवावें आणि उतू जाईल तें बाहेर जाऊं द्यावें, अशा जुन्या कारभाऱ्याच्या वळणाचें हें काम आहे.

हा बांध चोळ राजा करिकाल यानें सुमारें अठराशें वर्षांपूर्वीं बांधिला, अशी तमिळ देशांत परंपरा आहे. राजेंद्र चोळाच्या काळच्या, म्हणजे अकराव्या शतकाच्या आरंभींच्या तिरुवालंगाडु ताम्रपटांत करिकालानें कावेरीचे तट बांधविल्याचा उल्लेख सांपडतो. त्याहूनही जुना असा उल्लेख पुण्यकुमार या तेलुगु चोड राजाच्या मालेपाडु ताम्रपटांत आहे. या दोन्ही ठिकाणीं बोलणें आहे तें नदीच्या तटांविषयीं. दगडी बांधाचें नांव तेथें नाहीं. तेव्हां बांधाचा प्रत्येक दगड करिकालाच्याच हातचा, असा आग्रह धरण्याचें कारण नाहीं. परंतु नदीला आवर घालणाऱ्या पूर्वजाचें नांव शेंकडों वर्षांनंतरच्या राजांनाही आपल्या वंशावळींत मिरवावेंसें वाटलें, ही गोष्ट लहान नव्हे. लढाया जिंकणारे पूर्वज त्यांना कमी नव्हते.

बांधाची घडण पाहिली म्हणजे जुन्या कारागिरांचें चातुर्य ध्यानांत येतें. कावेरीच्या तळाशीं कातळ नाहीं. खोलवर वाळूच वाळू आहे. वाळूवर भिंत उभारूं नये, असें कोणीही सांगेल. परंतु येथें पाया खणलाच नाहीं. मोठमोठे ओबडधोबड दगड वाहत्या पात्रांत टाकण्यांत आले. पाण्यानें त्यांच्याखालची वाळू खाल्ली व ते खालीं बसले. त्यांच्यावर दुसरे टाकले, तेही बसले. असें करतां करतां एका खोलीवर वाळूची झीज थांबली आणि दगडांचा थर स्थिर झाला. मग त्यावर दगड व चिकणमाती यांचा बांध रचून वरून चुन्याच्या बांधकामाचें कवच चढविलें. ज्या पाण्यानें पाया उखडावयाचा, त्याच पाण्याकडून पाया घालून घेतला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

तथापि या रचनेंतच एक मोठें न्यूनही होतें. बांधाच्या माथ्यावरून पाणी जाई, पण वाळू जात नसे. बांधाला तळाशीं दारें नव्हतीं. त्यामुळें दर पुराबरोबर आलेली वाळू कावेरीच्या पात्रांत बसे, पात्र थोडें उंचावे, आणि पात्र उंचावलें कीं वर मुक्कोंबुपाशीं नदी आपलें पाणी सखल अशा कोल्लिडमला अधिक देऊं लागे. शिवाय पुरानें माथ्याचे दगड ढळत, तटाला भगदाडें पडत. म्हणजे बांध एकदां घालून स्वस्थ बसण्याची सोय नव्हती. वाळू काढणें, दगड पुन्हा बसविणें, तटावर माती चढविणें हीं कामें उन्हाळ्यांत, नदी बारीक असतां, करावींच लागत. गांवोगांवच्या कालव्यांचा गाळ काढण्यासाठीं घरटीं माणूस देण्याची तमिळ देशांत जुनी वहिवाट होती. तिला ‘कुडिमरामत्तु’ म्हणतात. कुडि म्हणजे रयत. आणि मरामत हा शब्द तर मराठी दप्तरांत डागडुजीच्या अर्थानें नेहमींचा आहे. रयतेनें करावयाची मरामत, असा हा साधा अर्थ. मोठ्या बांधाचें व तटाचें काम मात्र राजाकडे असे.

आणि येथेंच तंजावरच्या मराठ्यांची पंचाईत होती. त्यांचें राज्य त्रिभुज प्रदेशांत, आणि बांध त्रिचनापल्लीच्या मुलखाच्या टोंकाशीं. त्रिचनापल्ली आधीं मदुरेच्या नायकांकडे, पुढें चंदासाहेबाकडे, आणि शेवटीं अर्काटच्या नबाबाकडे गेली. मध्यंतरीं १७४१ सालीं रघूजी भोसल्यांनीं ती घेतली आणि मुरारराव घोरपड्यांच्या हवालीं केली. बांध आणि शेतें या दोहोंवर मराठ्यांचा झेंडा असण्याचा तेवढाच काळ. पण तोही १७४३ सालीं निजामाच्या स्वारीबरोबर संपला.

शत्रूला या बांधाचें मोल पुरतें ठाऊक होतें. त्रिचनापल्लीसाठीं इंग्रज आणि फ्रेंच यांच्यामध्यें लढा चालला असतां, १७५४ सालीं फ्रेंच व म्हैसूरकर यांच्या पक्षानें या जागचा तट फोडला. तंजावरचे प्रतापसिंह महाराज कोणत्या बाजूस झुकतात याकडे उभय पक्षांचे डोळे लागलेले होते, आणि त्यांच्या रयतेचें पाणी तोडणें हा त्यांना दटावण्याचा सोपा मार्ग होता. पुढें तंजावरचे मजूर तट बांधावयास गेले, तेव्हां त्यांच्या रक्षणासाठीं सशस्त्र तुकडी ठेवावी लागली. कुदळ-पाटी घेऊन नदीवर जाणाऱ्या माणसाला बंदुकीच्या पहाऱ्यांत काम करावें लागावें, यावरून त्या मातीच्या पाटीचें मोल कळून येईल.

याहून विलक्षण प्रसंग त्यानंतर दहा वर्षांनीं, १७६४ च्या सुमारास, आला. या वेळीं लढाई नव्हती. तट मोडकळीस आला होता इतकेंच. तंजावरच्या गादीवर तुळजाजीराजे नुकतेच आले होते. त्यांनीं रिवाजाप्रमाणें दुरुस्तीची परवानगी मागितली आणि नबाब महंमद अली यानें ती नाकारली. नबाबाचें म्हणणें असें कीं, जमीन माझी आहे, तेव्हां तिच्यावर दुसऱ्या राजानें मजूर आणतां कामा नयेत. राजाचें म्हणणें असें कीं, जमीन कोणाचीही असो, तट राखण्याची वहिवाट तंजावरची आहे. तट गेला तर माझें राज्य गेलें. वाद मद्रासकर इंग्रजांपुढें गेला, पत्रव्यवहार लांबला, आणि अखेर त्यांच्या मध्यस्थीनें तंजावरकरांना दुरुस्ती करतां आली. दुसऱ्याचें राज्य बुडवावयाचें तर त्यावर चाल करून जाण्याची गरज नाहीं. त्याला आपला बांध दुरुस्त करूं दिला नाहीं म्हणजे पुरे, हें नबाबानें ओळखलें होतें. मालकी कोणाची यापेक्षां दुरुस्तीचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न नदीच्या बाबतींत अधिक जिव्हाळ्याचा असतो, हेंच या भांडणाचें सार होय. पुढें १७७३ सालीं नबाबानें कंपनीच्या फौजेच्या मदतीनें तंजावरच घेतलें. १७७६ सालीं तें तुळजाजींना परत मिळालें, पण तोंपर्यंत राज्याचें बळ खचलें होतें.

त्यानंतर १७८१ सालीं हैदरअलीची धाड आली. त्याच्या फौजेनें तंजावरचा मुलूख उध्वस्त केला. गांवें जाळलीं, गुरें नेलीं, तट आणि पाण्याचीं दारें मोडलीं. दुष्काळ पडला आणि कुणबी गांव सोडून गेले. जे उरले तेही राजाच्या कामदारांच्या जुलमाला कंटाळून पुढें परागंदा झाले. त्यांना परत आणण्याचे प्रयत्न फुकट गेले, कारण दरबारच्या शब्दावर कोणाचा विश्वास राहिला नव्हता. शेवटीं श्वार्त्झ या जर्मन पाद्र्यानें स्वतः हमी घेतली, तेव्हां सुमारें सात हजार माणसें परत येऊन शेतीस लागलीं. हाच श्वार्त्झ पुढें बाल सरफोजीराजांचा पाठीराखा झाला. दगड, चुना आणि माती असून भागत नाहीं. वाळू उपसणारे हात गांवांत असावे लागतात, आणि ते हात गांवांत राहावेत असा राज्यकारभारही असावा लागतो. तंजावरच्या दरबाराची ही चूक झांकून ठेवण्यांत कांहीं अर्थ नाहीं.

१७९९ च्या तहानें सरफोजीराजांनीं राज्याचा कारभार कंपनीस दिला आणि १८०१ सालीं नबाबाचा मुलूखही कंपनीकडे गेला. बांध आणि शेतें आतां एका सत्तेखालीं आलीं. हद्दीचें भांडण मिटलें, कारण भांडणारे दोघेही बाजूस झाले. पण वाळूचें भांडण कायम होतें. १८०४ सालीं कॅप्टन कॉल्डवेल या अधिकाऱ्यानें पाहणी करून बांधाचा माथा २७ इंचांनीं उंचविला व तट वाढविले. यानें तात्पुरता निभाव लागला. परंतु माथा उंच झाला कीं वाळूही तितकी उंच सांचते. दरसाल मजूर लावून वाळू उपसण्याचा खर्च वाढत गेला, आणि कावेरी मात्र भरतच राहिली.

पुढें आर्थर कॉटन या तरुण इंजिनिअरनें १८३० सालीं बांधाच्या अंगांतच तळाशीं दारें ठेविलीं. पूर आला कीं दारें उघडावयाचीं, म्हणजे ज्या पाण्यानें वाळू आणली तेंच पाणी ती घेऊन जाईल. १८३६ सालीं त्यानें मुक्कोंबुपाशीं कोल्लिडमच्या मुखावर वरचा बंधारा बांधून पाण्याचा ओढा कावेरीकडे वळविला, आणि कोल्लिडमवर पुष्कळ खालीं दुसरा बंधारा घातला. परंतु नदी एका जागीं दाबली कीं दुसऱ्या जागीं उत्तर देते. आतां कावेरीला पाणी अति होऊं लागलें, तिचें पात्र व कांठ खणले जाऊं लागले. तेव्हां नव्या बंधाऱ्याचा मधला भाग उतरवावा लागला आणि कावेरीच्या मुखाशीं तळबंध घालावा लागला. म्हणजे नव्या बंधाऱ्याचीही मरामत त्याच्या जन्मापासूनच सुरू झाली.

कॉटनची एक गोष्ट मात्र आवर्जून सांगितली पाहिजे. सैल वाळूंत पाया कसा घालावा हें आपण या जुन्या बांधापासून शिकलों, अशी कबुली त्यानें मोकळेपणानें दिली. १८४७ पासून १८५२ पर्यंत गोदावरीवर धवलेश्वरम् येथें त्यानें जो प्रचंड बंधारा घातला, त्यांत हीच विद्या कामीं आली. नाशिकजवळ उगम पावणारी गोदावरी आंध्रांत जेथें आजही शेतांस पाणी देते, तेथें कावेरीच्या अनाम गवंड्यांचा हात आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

त्याच सुमारास कुडिमरामत्तुची वहिवाट ढिली पडूं लागली. गांवचें काम सरकारचें झालें, आणि सरकारचें काम कोणाचेंच नव्हे अशी स्थिति आली. १८५८ सालीं मद्रास सरकारनें कायदा करून तट फुटण्याच्या प्रसंगीं व वहिवाटीच्या कामासाठीं रयतेस बोलावण्याचा अधिकार घेतला. परंतु जें काम गांवपंच्याइतीच्या भिडेनें होत होतें, तें शिपायाच्या धाकानें तसें होईना. अगदीं अलीकडे, २०१७ सालीं, तमिळनाडू सरकारनें हेंच जुनें नांव देऊन तळीं व कालवे दुरुस्त करण्याची योजना पुन्हा सुरू केली, यावरून त्या वहिवाटीची उणीव किती भासत होती हें दिसतें.

१९३४ सालीं मेट्टूरचें मोठें धरण पुरें झालें. त्याच वेळीं कल्लणैपासून एक नवा कालवा काढण्यांत आला. आज या जागीं पाण्याचे चार वांटे होतात : कावेरी, वेण्णार, नवा कालवा, आणि जादा पाण्यासाठीं कोल्लिडम्. जवळजवळ दहा लक्ष एकर जमीन या पाण्यावर अवलंबून आहे. हद्दीचा जुना प्रश्नही मेला नाहीं. तो नदीच्या वरच्या अंगास सरकला. म्हैसूर व मद्रास यांच्यामध्यें १८९२ व १९२४ सालीं करार झाले, आणि त्यांच्या वारसांचा वाद सर्वोच्च न्यायालयानें २०१८ च्या फेब्रुवारींत निकालांत काढिला.

त्याच वर्षाच्या ऑगस्टांत नदीनें आपलाही निकाल सांगितला. २२ तारखेच्या रात्रीं, पुराचें पाणी वाहत असतां, मुक्कोंबु येथील १८३६ च्या बंधाऱ्याचीं कोल्लिडमकडील नऊ दारें त्यांवरील बांधकामासह वाहून गेलीं. नदीच्या पात्रांतून वर्षानुवर्षे चाललेल्या वाळूच्या उपशाकडे शेतकऱ्यांनीं व जाणत्यांनीं बोट दाखविलें. पूर्वीं वाळू सांचते म्हणून बांध धोक्यांत येत असे. आतां वाळू ओरबाडली जाते म्हणून पाया उघडा पडण्याचें भय उत्पन्न झालें आहे. प्रथम वाळूच्या पोत्यांनीं व दगडांनीं खिंडार बुजविण्यांत आलें, आणि मग जवळच नवा बंधारा बांधावा लागला. खालीं कल्लणै मात्र आपल्या जागीं उभा राहिला. पण तो कधींच आजारी पडला नाहीं म्हणून वांचला, असें नाहीं. प्रत्येक शतकांत कोणीतरी त्याची शुश्रूषा केली, म्हणून तो वांचला.

कल्लणैपाशीं हत्तीवर आरूढ झालेल्या करिकालाचा पुतळा आहे, आणि तो असणें योग्यच आहे. परंतु १७५४ सालीं पहाऱ्यांत माती टाकणाऱ्या मजुराचें, किंवा हैदराच्या धाडीनंतर परत येऊन कालवा उपसणाऱ्या कुणब्याचें नांव कोठें कोरलेलें नाहीं. मेट्टूरचें पाणी सोडण्याचा ठरीव दिवस १२ जून. त्यानंतर कांहीं दिवसांनीं कल्लणैचीं दारें उघडतात, आणि जमलेले लोक वाहत्या पाण्यावर फुलें व भाताचे दाणे टाकतात. तो सोहळा पाहण्यासारखा असतो. पण त्याच्या आधींच्या उन्हाळ्यांत कालव्यांचा गाळ निघालेला असतो, तट पाहिलेला असतो, दारांना वंगण घातलेलें असतें. तें काम ज्या वर्षीं राहून जाईल, त्या वर्षीं शेवटच्या गांवच्या कुणब्याला आपले दाणे कोरड्या वाळूवरच टाकावे लागतील.